भिंतीची भेग घेणाऱ्याला दाखवावी का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून सध्या अमरावतीला राहतो. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी वडिलांनी १९७९ साली स्वतःच्या कमाईतून रजिस्ट्री करून घेतलेले घर आहे. वडील २०११ मध्ये गेले, आई २०१९ मध्ये गेली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर माझे एकट्याचे नाव आहे. दोन बहिणी आहेत. दोघीही ‘आम्हाला काही नको’ म्हणतात. भंडारा जिल्ह्यातून बदलीवर आलेले एक गृहस्थ घर घ्यायला तयार आहेत. मागच्या खोलीची भिंत दर उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात ती भेग जवळजवळ मिटते. विहिरीचे पाणी खारे आहे. गावठाणाच्या मोजणीत गोठ्याचा काही भाग आमच्या हद्दीबाहेर दाखवला आहे. एका पतसंस्थेचे कर्ज मी फेडले, पण मूळ खरेदीखत अजून त्यांच्याकडेच आहे. शिवाय २००४ साली माझ्या काकांनी याच घरात आत्महत्या केली होती. माझे मेहुणे म्हणतात, भाद्रपदात भिंतीला पुट्टी मारून घर दाखवा, घेणाऱ्याला डोळे असतातच. मुलगी म्हणते, सगळे सांगून टाका. कायद्याने मला नेमके काय सांगावे लागते, आणि ते कुठल्या अर्जात लिहून द्यायचे?

उत्तर :

आदरणीय भाऊ,

आपले पत्र दोनदा वाचले. मेहुण्यांचे म्हणणे पुष्कळ लोकांच्या तोंडी असते आणि त्याला थोडा आधारही आहे, कारण साधारण करारात नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्येच म्हटले आहे. मात्र त्याच कलमाने अपवादही सांगितला आहे, की जिथे बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्य असते तिथे मौनाचा अर्थ बदलतो. घरविक्री ही अशीच जागा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ विकणाऱ्याची कर्तव्ये सांगते आणि त्यातले पहिलेच कर्तव्य असे, की मालमत्तेत किंवा विकणाऱ्याच्या मालकीत एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि साधारण काळजीने पाहूनही त्याच्या ध्यानात येण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो न विचारता सांगितला पाहिजे. हेच कलम शेवटी असेही म्हणते, की असा दोष न सांगणे हे कपट आहे. घेणाऱ्याला डोळे असतात हे खरे, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठीच कायद्याने आपल्यावर बोलण्याची जबाबदारी टाकली आहे.

अर्जाविषयी आपण विचारले आहे. जुने घर विकताना विकणाऱ्याने दोषांची यादी भरून द्यावी, असा कोणताही छापील नमुना आपल्या कायद्यात ठरवून दिलेला नाही. महारेराचा कायदा प्रकल्प उभारणाऱ्या विकासकासाठी आहे. आपण आपले राहते जुने घर दुसऱ्याला विकता त्या व्यवहाराला तो लागत नाही. त्यामुळे काय सांगितले याचा कागद आपणच तयार करायचा आहे, आणि तो कसा करावा हे पुढे लिहिले आहे.

आता भिंतीकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते, तेव्हा शेतात जशा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच ओढाताण उथळ पायव्याखाली चालते. पायवा मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत वैशाखात फाटते आणि श्रावण-भाद्रपदात भेग मिटल्यासारखी दिसते. आपल्या घरचे हे वेळापत्रक आपल्याला पाठ आहे. भंडाऱ्याहून आलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पावसाळ्यात त्याने भिंतीवरून हात फिरवला तरी त्याला काही सापडणार नाही. कलम ५५ मध्ये सांगितलेला, साधारण काळजीने न सापडणारा दोष तो हाच. त्यावर पुट्टी मारली की गोष्ट आणखी बिघडते, कारण मग आपण नुसते गप्प राहिलेले नसता. ठाऊक असलेली वस्तुस्थिती हाताने झाकलेली असते, आणि करार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये फसवणुकीचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत असे सक्रिय लपवणे स्वतंत्रपणे मोजले आहे.

अशा एका दाव्यात, पुष्कळ वर्षांपूर्वी, न्यायालयाने नेमलेला कमिशनर म्हणून घर पाहायला गेलो होतो. भिंतीवर खताच्या दुकानाचे मोठे कॅलेंडर टांगलेले होते आणि त्याखाली लोखंडी रॅक भिंतीला टेकवून ठेवला होता. नव्या मालकाने कॅलेंडर बाजूला केले, खिशातले पाच रुपयांचे नाणे काढले आणि भेगेत उभे सरकवले. नाणे आत गेले आणि दिसेनासे झाले. सुटून पडलेली पुट्टी त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. घर विकणारा माणूस माझ्याशेजारी उभा होता आणि त्या पिशवीकडे पाहत होता. पाच वर्षांनी तडजोड झाली आणि त्याला घेतलेल्या पैशांतला बराचसा भाग परत द्यावा लागला. तोवर ते पैसे लेकीच्या लग्नात खर्च झालेले होते. घर विकताना त्याने हीच भेग दाखवून किंमत थोडी कमी केली असती, तर घेणाऱ्याने बहुधा कुरकुर न करता घर घेतले असते, कारण त्या गावात तशी भेग नसलेली घरेच कमी होती. ही गोष्ट मी अशिलांना नेहमी सांगतो, आणि आपल्यालाही ती ठाऊक असावी म्हणून इथे लिहिली.

विहिरीच्या पाण्याचे प्रकरण थोडे निराळे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते हे त्या भागात सर्वांना माहीत आहे, आणि तांब्याभर पाणी पिऊन पाहिले की परक्यालाही कळते. म्हणून कायद्याच्या काटेकोर भाषेत हा न दिसणारा दोष ठरणार नाही, असे म्हणता येईल. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घेणाऱ्याने ‘विहिरीचे पाणी गोड आहे का’ असे विचारले, तर मालमत्तेविषयीच्या संबंधित प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे हेही कलम ५५ ने घातलेले कर्तव्य आहे. आणि घर दाखवायच्या दिवशी हौदात नळाचे पाणी भरून ठेवून त्यातलेच प्यायला दिले, तर तीही पुट्टीच झाली. तलावांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला पाणी खारे असू शकते हे सुचणारसुद्धा नाही. त्याला आपण होऊन सांगावे, असे माझे मत आहे.

माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत गंभीर बाब भिंत नसून बहिणी आहेत, आणि तिच्यावर आपण एकच ओळ लिहिली आहे. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची ते तिच्यावरून ठरते, घर कोणाचे ते ठरत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि आपल्याला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो असे धरले, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांच्या मृत्यूनंतर आई, आपण आणि दोन बहिणी यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा झाला. आईचा हिस्सा तिच्यामागे पुन्हा तुम्हा तिघांत वाटला गेला. म्हणजे आज घर तिघांचे आहे आणि आपला हिस्सा एक तृतीयांश आहे. मुलींना राहत्या घराची वाटणी मागण्यावर पूर्वी जे बंधन होते, ते २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. ‘आम्हाला काही नको’ हे तोंडचे वाक्य आहे, ते बहिणींच्या मायेतून आले आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. परंतु त्याने मालकी हलत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीकडे शिक्का मारून आणलेले हक्कसोडपत्र गावोगाव दाखवले जाते, पण ते पुरेसे नाही.

आपण एकट्याने सही करून संपूर्ण घर विकले, तर घेणाऱ्याच्या हाती कायद्याने फक्त आपला हिस्सा जातो आणि पैसे मात्र त्याने सगळ्या घराचे दिलेले असतात. शिवाय आपल्याला विकण्याचा अधिकार आहे अशी हमी प्रत्येक विक्रीत आपोआप अंतर्भूत असते, असे कलम ५५ मध्येच म्हटले आहे. तेव्हा ती हमी आपण मोडली असे होईल. उद्या एखाद्या बहिणीच्या मुलाने दावा घातला, तर न्यायालयात उभे राहायला ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला तो परका माणूस असेल. म्हणून दोनच मार्ग स्वच्छ आहेत. एक तर दोन्ही बहिणींनी विक्रीपत्रावर विकणार म्हणून सह्या कराव्यात आणि किमतीतला वाटा ठरवून घ्यावा, किंवा त्यांना खरोखर काही नको असेल तर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे आणि त्यानंतरच आपण इसार घ्यावा. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ नुसार सहवारसाचा हिस्सा विकत घेण्याचा अग्रहक्कही त्यांना आहे, तेव्हा घर बाहेर जाण्यापूर्वी ‘तुमच्यापैकी कोणाला हवे आहे का’ हे विचारणे केवळ रीत म्हणून नव्हे, तर हक्क म्हणूनही आवश्यक आहे.

इथे मी वकिलापेक्षा घरचा माणूस म्हणून एक विनंती करतो. राखीला आलेल्या बहिणीपुढे कागद सरकवून ‘इथे सही कर’ म्हणू नका. घर कितीला चालले आहे तो आकडा दोघींना सांगा, कागद मराठीत वाचून दाखवा, विचार करायला वेळ द्या. त्यानंतर त्यांनी हक्क सोडला तर तो सोडणे टिकाऊ असेल. आणि त्यांनी वाटा मागितला तर तो त्यांचाच आहे. किंमत लपवून घेतलेली बहिणीची सही आणि भेग लपवून विकलेली भिंत, या दोन गोष्टी मला एकाच जातीच्या वाटतात.

गोठ्याचे आता पाहू. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घराघरांची मालमत्ता पत्रके, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत आखीव पत्रिका, तयार होत आहेत. आपल्या नकाशात गोठ्याचा भाग बाहेर दाखवला असेल, तर १९७९ च्या रजिस्ट्रीतली चतुःसीमा आणि क्षेत्रफळ घेऊन प्रथम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. मोजणीत चूक असेल तर ती दुरुस्त करून घेता येईल. चूक नसेल आणि तो भाग खरोखरच रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर असेल, तर ग्रामपंचायतीला तो काढायला लावण्याचा अधिकार आहे. गोठा उभा दिसतो, पण तो कोणाच्या जागेवर उभा आहे हे पाहून कळत नाही. हा मालकीतला दोष आहे आणि तो सांगणे बंधनकारक आहे. विक्रीपत्रात क्षेत्रफळ नव्या पत्रकाप्रमाणेच लिहा. जुन्या रजिस्ट्रीतला मोठा आकडा जसाच्या तसा उतरवण्याचा मोह अर्जनवीसालाही होतो, कारण त्याला मजकूर नुसता उतरवून काढायचा असतो.

पतसंस्थेचे काम सोपे आहे, फक्त ते आधी संपवा. कर्ज फिटल्याचा दाखला आणि मूळ खरेदीखत ताब्यात घ्या, कुठे बोजाची नोंद झाली असेल तर ती कमी करून घ्या. मालकीचे जे कागद आपल्याजवळ आहेत किंवा आपल्याला मिळवता येतात, ते घेणाऱ्याने मागितल्यावर तपासायला देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ‘कागद पतसंस्थेत आहेत, नंतर देतो’ हे उत्तर ऐकून शहाणा घेणारा मागे सरेल. विक्रीच्या दिवसापर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी आपणच भरायची. विजेचे बिलही चुकते करून पावत्या त्यांच्या हाती द्या.

काकांविषयी लिहिताना आपला हात थांबला असावा, असे त्या ओळीवरून वाटले. वऱ्हाडातल्या किती घरांनी हे दुःख पाहिले आहे ते आपण दोघेही जाणतो. कलम ५५ मालमत्तेतल्या आणि मालकीतल्या दोषांबद्दल बोलते. घरात झालेल्या मृत्यूचा त्यात उल्लेख नाही, आणि माझ्या मते काकांचे जाणे हा त्या घराचा दोष नाही. त्यामुळे ही गोष्ट कागदावर लिहून देण्याची गरज मला दिसत नाही. मात्र गृहस्थांनी सरळ विचारले तर नाही म्हणू नका. शिवाय गाव लहान आहे. ते राहायला आल्यावर आठ दिवसांत कोणीतरी ओट्यावर बसून त्यांना सांगेलच. त्यापेक्षा आपल्या तोंडून, काकांबद्दल आदराने, चार वाक्यांत त्यांनी ते ऐकलेले बरे, असे मला वाटते; पण हा निर्णय सर्वस्वी आपल्या कुटुंबाचा आहे.

न सांगितल्यास काय होते, तेही स्पष्ट असावे. फसवून घेतलेली संमती असेल तर घेणारा व्यवहार रद्द मागू शकतो आणि नुकसानभरपाई मागू शकतो. साधारण काळजीने त्याला सत्य कळण्याजोगे होते, असा बचाव नुसत्या मौनाच्या बाबतीत घेता येतो. पुट्टी मारून लपवल्यावर त्या बचावात जोर राहत नाही. मुदतीचा हिशेबही लोक चुकीचा धरतात. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण ती रजिस्ट्रीच्या तारखेपासून नव्हे, तर दस्त रद्द मागण्याचा हक्क देणाऱ्या गोष्टी प्रथम कळल्यापासून मोजली जाते. भिंतीची गोष्ट चार उन्हाळ्यांनी कळली तर मुदत तेव्हा सुरू झाली, असे घेणारा म्हणू शकतो. लबाडीने वस्तुस्थिती लपवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीतही येऊ शकते. आणि ‘घर जसे आहे तसे घेतले’ असे एक वाक्य दस्तात घातले की सगळे झाकले जाते, असे समजू नका. ठाऊक असलेला दोष दाबून ठेवायला ते वाक्य परवाना देत नाही.

म्हणून कागद असा करा. इसार घेण्यापूर्वी, इसारचिठ्ठीतच, एक परिच्छेद लिहा : ‘मागील खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीस दरवर्षी उन्हाळ्यात भेग पडते व पावसाळ्यात ती कमी होते, विहिरीचे पाणी खारे आहे, गोठ्याचा मालमत्ता पत्रकाबाहेरील भाग या विक्रीत समाविष्ट नाही, या बाबी लिहून घेणार यांस प्रत्यक्ष दाखवल्या असून त्या समजून घेऊन किंमत ठरवली आहे.’ दिशा आणि खोली आपल्या घराप्रमाणे लिहा. हाच मजकूर विक्रीपत्रातही येऊ द्या, आणि एक साक्षीदार त्यांच्या बाजूचा असू द्या. उद्या कोणी म्हणाले की सांगितले नव्हते, तर ‘घेणाऱ्याला ठाऊक नव्हते’ हा कलम ५५ चा मुख्य आधारच या परिच्छेदाने निघून जातो. लपवून मिळणारे पन्नास हजार जास्तीचे आणि हा परिच्छेद, यांत मी डोळे मिटून परिच्छेद घेईन.

आपले पत्र मे महिन्यातले आहे. भाद्रपदाची वाट पाहू नका. बहिणींशी बोलणे आणि पतसंस्थेचा कागद हे आधी उरका, आणि मग गृहस्थांना याच महिन्यात, भर उन्हाळ्यात, घरी बोलवा. मागच्या खोलीतले सामान भिंतीपासून दूर करा, खिडकी उघडा, म्हणजे उजेड पडेल. विहिरीचे ताजे पाणी शेंदून त्यांच्या हाती द्या. पायवा मुरमापर्यंत नेऊन ती एक भिंत नव्याने बांधायला किती खर्च येईल, हे गावच्या मिस्त्रीला आधीच विचारून तो अंदाज कागदावर त्यांच्यासमोर ठेवा, आणि किमतीची बोलणी तिथून सुरू करा.